‘तो बोट दाखवायचा का?’

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना एक पत्र पाठवलं. टाइप केलेलं, ३३ पानांचं. विषय एकच, आपला पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. त्या पत्रातून आणि पुढच्या बोलण्यातून कॅनरना असे तपशील मिळाले जे दवाखान्यात मुलाला तासभर पाहून कधीच कळले नसते. वडिलांनी डोनाल्डला ‘हो’ म्हणायला शिकवलं होतं ते खांद्यावर बसवण्याचं आमिष दाखवून. त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ एवढाच होता : मला खांद्यावर घ्या. पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, ८ मुलगे आणि ३ मुली. ज्याला आपण आज ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याची वैद्यकातली ओळख या लेखापासून सुरू होते. म्हणजे या निदानाच्या मुळाशी एका बापाने बारकाईने सांगितलेली हकिगत आहे.

८० वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या मुळाशी असलेली गोष्ट बदललेली नाही. ऑटिझम रक्त तपासून कळत नाही, मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. जनुकीय चाचणीतून काही मुलांच्या बाबतीत कारणाचा माग लागतो, पण निदान त्यावर ठरत नाही. निदान होतं ते मुलाला पाहून आणि त्याच्या घरच्यांना विचारून. बदलली आहे ती विचारण्याची रीत : काय विचारायचं, कोणाला, मुलाच्या कोणत्या वयाबद्दल, आणि मिळालेल्या उत्तराचं वजन किती धरायचं. ही रीत सतत बदलत राहिली म्हणून अनेकांना या निदानाबद्दलच शंका वाटते. माझं मत उलट आहे. प्रश्न बदलत गेले म्हणूनच हे निदान विश्वास ठेवण्याजोगं झालं, आणि आपल्याकडे ते अजून पुरेसं विश्वासार्ह नसेल तर त्याचं एक मोठं कारण असं की आपण प्रश्न पुरेसे बदललेले नाहीत.

आधी मधल्या काळात काय बिघडलं ते पाहायला हवं. डोनाल्डच्या वडिलांचा बारीक तपशिलांचा सोस हाच कॅनरना त्या घराचा स्वभावविशेष वाटला. या मुलांचे आईबाप हुशार आहेत पण मायेने ओथंबलेले नाहीत, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं. पुढे त्याचं आरोपात रूपांतर झालं. आई फ्रिजसारखी थंड म्हणून मूल असं झालं, ही कल्पना दोन दशकं पसरत गेली, आणि १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तिला मोठी प्रतिष्ठा दिली. जिच्यावरच आरोप आहे तिची साक्ष कोण मानणार? आई सांगते त्यात मुलाची लक्षणं शोधण्याऐवजी आईचे दोष शोधले जाऊ लागले. त्या काळात किती आयांनी मुकाट्याने ऐकून घेतलं असेल याचा हिशेब कुठेच नाही. या अन्यायाला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्याने पालकांनी भरायची एक प्रश्नावली जोडली. देशभरातले पालक ती भरून त्याला पाठवू लागले. पालक पुन्हा साक्षीदार झाले.

पण साक्ष घ्यायलाही कसब लागतं. एकच प्रश्न जवळून पाहू. ‘तुमचं मूल बोट दाखवतं का?’ असं विचारलं तर बहुतेक आया ‘हो’ म्हणतील, आणि त्या खरंच सांगत असतील. पण बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बोट केलं तर त्याचा अर्थ ‘मला दे’ असा होतो. खिडकीत कावळा बसला, मुलाने कावळ्याकडे बोट केलं, मग वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा कावळ्याकडे पाहिलं, तर त्यात मागणं काहीच नाही. ‘मला दिसतंय ते तूही बघ’ एवढंच त्याला सांगायचं आहे. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलात हे दुसरं बोट येतं. ऑटिझम असलेल्या मुलात ते उशिरा येतं, तोकडं असतं किंवा येतच नाही. काही मुलं तर बोट करतच नाहीत. ती आईचा हात मनगटाला धरून डब्यापर्यंत नेतात, जणू तो हात म्हणजे एखादी पक्कड. हो-नाहीच्या कागदी प्रश्नावलीत ही तिन्ही मुलं एकाच रकान्यात जाऊन बसू शकतात.

यावरचा उपाय ऑटिझमच्या बाहेरून आला. १९६६ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि मायकेल रटर यांनी कुटुंबातले व्यवहार आणि नाती मोजण्यासाठी मुलाखतीची एक नवी पद्धत मांडली. तिचं सूत्र साधं होतं : उत्तर देणाऱ्याला ‘हो’ की ‘नाही’ ते ठरवायला लावायचं नाही. त्याने प्रसंग सांगायचा आणि गुण मुलाखत घेणाऱ्याने द्यायचा. ‘मागच्या आठवड्यात त्याला काहीतरी गंमत दिसली तेव्हा त्याने काय केलं ते सांगा,’ असं विचारायचं. आई सांगेल, ‘गल्लीत बँड आला तेव्हा धावत गॅलरीत गेला, कठड्याला चिकटून उभा राहिला.’ पुढचा प्रश्न : ‘तुम्हाला बोलवायला आला?’ इथे बहुधा थोडी शांतता असते, आणि त्या शांततेनंतर जे येतं ते खरं उत्तर. याच रटर यांनी सुझन फोलस्टाइन यांच्याबरोबर १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं. जनुकांचा शोध पुढे न्यायचा तर जगभरच्या संशोधकांनी ‘ऑटिझम’ हा शब्द एकाच अर्थाने वापरायला हवा होता. या गरजेतून १९८९ मध्ये ॲन ला कूटर, रटर, कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑटिझम डायग्नॉस्टिक इंटरव्ह्यू’ तयार केला. १९९४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तीच एडीआय-आर या नावाने ओळखली जाते. ९३ मुद्दे, दीड ते अडीच तास, आणि समोर मुलाला लहानपणापासून ओळखणारं माणूस, बहुतेक वेळा आई.

या मुलाखतीत काळाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. बहुतेक मुद्द्यांवर दोन वेळा गुण द्यायचे : आज मूल कसं आहे, आणि पूर्वी कसं होतं. पूर्वी म्हणजे कधी? अनेक मुद्द्यांसाठी त्यांनी ४ ते ५ वर्षांचं वय निवडलं. त्यामागे तर्क आहे. दोन वर्षांचं कुठलंही मूल खेळणी ओळीने लावू शकतं, हट्ट करतं, एकटं खेळतं. पंधरा वर्षांच्या मुलाने शिकून, सरावाने बरंच काही झाकलेलं असतं. चार-पाचच्या वयात बहुतेक मुलं बोलायला, सवंगड्यांत मिसळायला, भातुकलीत आई-बाबा व्हायला लागलेली असतात, त्यामुळे फरक तिथे सर्वांत ठळक उठतो. पण या युक्तीला मर्यादा होती. १९८९ ची पहिली मुलाखत ५ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी बेतलेली होती. तोवर पालक दोन-अडीच वर्षांच्या मुलांना घेऊन येऊ लागले. लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लहानग्यांवर ती वापरून पाहिली तेव्हा दोन्हीकडून चुका झाल्या. ज्यांची एकूण बौद्धिक वाढ १८ महिन्यांच्याही मागे होती अशी काही मुलं ऑटिझम नसताना ऑटिझमच्या बाजूला गेली. उलट काही मुलांमध्ये त्याच-त्या कृती वारंवार करण्याची लक्षणं अजून उगवलीच नव्हती, ती सुटली. १९९४ च्या आवृत्तीत वयाची अट खाली आणली गेली. २०१२ मध्ये सो ह्युन किम आणि लॉर्ड यांनी १२ ते ४७ महिन्यांच्या मुलांसाठी गुण मांडण्याची स्वतंत्र पद्धत दिली. वर्षभराच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाची फूटपट्टी लावून चालत नाही, हे ज्यांनी फूटपट्टी बनवली त्यांनीच मोजून सिद्ध केलं.

याच लंडनमध्ये दुसरी एक धारा वाहत होती, आणि मला ती अधिक उदार वाटते. डॉ. लॉर्ना विंग यांची मुलगी ऑटिस्टिक होती. त्यांनी ज्युडिथ गोल्ड यांच्याबरोबर कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली आणि १९७९ मध्ये दाखवून दिलं की कॅनरच्या वर्णनात चपखल बसणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त मुलांना सामाजिक देवाणघेवाण, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्ही बाबतींत एकत्र अडचणी आहेत. काही मुलं माणसांपासून दूर राहतात, काही बोलावलं तर येतात, आणि काही स्वतःहून येतात पण विचित्र रीतीने. हे तिसरं मूल कॅनरच्या व्याख्येच्या बाहेर राहिलं असतं. त्या पाहणीसाठी बनवलेल्या मुलाखतीतून पुढे ‘डिस्को’ ही सविस्तर मुलाखत तयार झाली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा भर ‘आहे की नाही’ या निकालावर नव्हता. या माणसाला काय जमतं, काय जमत नाही, कोणत्या गोष्टीचा त्रास होतो आणि कोणती मदत लागेल, याचं पूर्ण चित्र काढणं हा तिचा हेतू होता, आणि ते चित्र कोणत्याही वयाच्या माणसाचं असू शकत होतं. संशोधकाला हो-नाही लागतं. आईवडिलांना उद्या सकाळी काय करायचं ते लागतं. विंग एकाच वेळी दोन्ही होत्या.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. आठवण ही कधी पुरावा असते का? दहा वर्षांच्या मुलाची आई त्याचा पहिला शब्द कोणत्या महिन्यात आला ते कसं सांगणार? शंका रास्त आहे, आणि तिचा पुरावा खुद्द या क्षेत्रातूनच आला. व्हॅनेसा हस, लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली ज्यांच्या मुलाखती मूल दोन वर्षांचं असल्यापासून नऊ वर्षांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा घेतल्या होत्या. मूल तेच, आई तीच, प्रश्न तोच. तरी मूल जसजसं मोठं झालं तसतसं आईने सांगितलेलं पहिल्या शब्दाचं वय पुढे सरकत गेलं. यात खोटेपणा कुणाचा नाही. मागे वळून पाहताना दूरच्या घटना जवळ आल्यासारख्या वाटतात, आणि निदान झाल्यानंतरच्या आठवणी त्या निदानाच्या रंगात भिजतात. पण परिणाम मोठा होता, कारण १९९४ च्या डीएसएम-४ या अमेरिकन निदान-संहितेत ऑटिझम आणि ‘ॲस्पर्गर’ हे त्याच्या शेजारचं निदान यांच्यातला एक मुख्य फरक बोलायला उशीर झाला की नाही, हाच होता. महिने सरकले की नावच बदलू शकत होतं.

आठवणीवर बाहेरच्या जगाची सावली कशी पडते याचा आणखी बोलका पुरावा इंग्लंडमधला आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि एमएमआर लशीमुळे ऑटिझम होतो अशी भीती पसरली. तो लेख पुढे २०१० मध्ये मागे घेण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिकलेली कौशल्यं पुढे गमावलेल्या ऑटिस्टिक मुलांच्या पालकांची उत्तरं तपासली गेली. ही बातमी गाजण्याआधी ज्यांच्या मुलांचं निदान झालं होतं त्यांच्या तुलनेत, बातमीनंतर निदान झालेल्या मुलांचे पालक लक्षणांची सुरुवात लशीच्या तारखेच्या जवळ सांगत होते. मुलं तशीच होती. बदलली होती ती वर्तमानपत्रं.

मग मुलाखत सोडून द्यावी आणि मुलाला समोर बसवून पाहावं, हे सरळ नाही का? तेही झालं आहे. एडोस नावाची निरीक्षण-चाचणी १९८९ पासून वापरात आहे. तज्ज्ञ पाऊण-एक तास मुलाशी ठरावीक पद्धतीने खेळतो, बोलतो आणि पाहतो. ती मोलाची आहे. पण पाऊण तासात मूल रात्री दोन वाजता उठून पंख्याचं बटण चालू-बंद करत बसतं हे दिसत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कान झाकून कोपऱ्यात बसतं हे दिसत नाही. दीड वर्षाचा असताना वीस शब्द होते आणि दोन महिन्यांत ते गेले, हे तर कुठल्याच निरीक्षणात दिसणार नाही. आठवण कच्ची आहे म्हणून ती टाकून देण्यापेक्षा तिला टेकू देता येतो. ‘किती महिन्यांचा होता?’ हा प्रश्न स्मृतीला अधांतरी लटकवतो. ‘पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे का? त्यात हाक मारल्यावर तो बघतो का?’, ‘धाकटीच्या बारशाला तो काय बोलत होता?’, ‘त्या वर्षीच्या गणपतीत आरती सुरू झाल्यावर त्याने काय केलं?’ हे प्रश्न तिला खुंटी देतात. चांगला मुलाखतकार हेच करतो. शिवाय दोन्ही साधनं एकत्र वापरली तर एकट्याने होतात त्यापेक्षा कमी चुका होतात, हे वारंवार दिसलं आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही असंच बजावतात की केवळ एका साधनाच्या गुणांवर निदान करू नये.

मुलाखतीवर एवढा विश्वास ठेवावा का, याचं उत्तर मला २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात सापडतं. उत्तर अमेरिकेतल्या १२ विद्यापीठीय केंद्रांवर २,१०२ मुलांसाठी एडीआय-आर ही मुलाखत आणि एडोस ही निरीक्षण-चाचणी वापरली गेली. सर्व केंद्रांवर गुणांचं चित्र बरंच सारखं आलं. पण त्याच गुणांच्या मुलाला एका केंद्रात ‘ऑटिझम’, दुसऱ्यात ‘ॲस्पर्गर’, तिसऱ्यात ‘अन्यत्र न मोडणारा विकार’ असं नाव मिळत होतं. कोणतं नाव मिळेल हे मुलापेक्षा केंद्रावर जास्त ठरत होतं. वर्णन पक्कं होतं, डळमळीत होती ती लेबलं. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, डीएसएम-५ ने ती सगळी नावं काढून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ हे एकच नाव ठेवलं. ज्यांनी ‘ॲस्पर्गर’ हे नाव आपली ओळख म्हणून स्वीकारलं होतं त्यांना हे लागलं, आणि त्यांचं दुःख मला पटतं. नावाभोवती माणसं जमतात, मैत्री होते. तरीही ज्या भेदाला पुराव्याचा आधार उरला नव्हता तो ठेवणं पुढच्या मुलांवर अन्याय ठरला असता.

इथेच दुसरा आक्षेप येतो, तो सामान्य लोकांच्या तोंडी जास्त असतो. व्याख्या सैल करत गेलात म्हणूनच आकडे फुगले ना? अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागे एक ऑटिस्टिक मूल नोंदलं जात होतं, २०२० मध्ये ३६ मुलांमागे एक. पूर्वी कुठे होती एवढी मुलं? डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाने हा प्रश्न नेमका मोजला. १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांतल्या वाढीपैकी सुमारे ६० टक्के वाढ निदानाचे निकष बदलणं आणि बाह्यरुग्ण विभागातली निदानंही नोंदीत धरली जाणं, या दोन बदलांनी समजावता आली. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. वाढीचा मोठा भाग मोजण्यातून आला. पण त्याचा अर्थ ही मुलं खोटी असा होत नाही. ती आधीही होती, ‘घुमा’, ‘विक्षिप्त’, ‘हट्टी’, ‘मतिमंद’ अशा दुसऱ्या नावांखाली जगत होती. उरलेली ४० टक्के वाढ कशाची, हा वेगळा प्रश्न आहे, आणि निदान सैल झालं एवढं म्हणून तो सुटत नाही.

लपून राहिलेल्यांत मुली मोठ्या संख्येने होत्या. वर्गात शेजारणीची नक्कल करत हसणारी, बोलण्यापूर्वी वाक्य मनात पाठ करणारी, घरी आल्यावर दार लावून तासभर अंधारात पडणारी मुलगी ‘शांत आणि गुणी’ ठरते. तिच्या आईला ‘काही वेगळं वाटायचं का?’ असं विचारलं तर ती नाही म्हणेल, कारण त्रास देणारं काही नव्हतंच. डीएसएम-५ ने दोन गोष्टी मान्य केल्या. लक्षणं लहानपणापासून असतात, पण समाजाच्या अपेक्षा पेलवेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही. आणि शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकलीही जातात. आवाज, स्पर्श, उजेड यांचा अतित्रास किंवा अतिओढ हा निकषही तेव्हाच आत आला. ऑटिस्टिक माणसं अनेक वर्षं हे सांगत होती. आज चाळिशीत निदानासाठी येणारी बाई बऱ्याचदा एकटी येते. आई हयात नसते किंवा तिला हे सांगायची इच्छा नसते. मग शाळेची प्रगतिपुस्तकं, भावंडं, नवरा आणि मुख्य म्हणजे ती स्वतः, ही साक्षीदार होतात. वर्तनाबरोबरच त्यासाठी किती कष्ट पडतात हेही विचारावं लागतं. ज्या मुलाखतीत फक्त आईला विचारलं जात होतं, तिथे आता ज्याच्याबद्दल चौकशी आहे तो माणूस बोलतो. माझ्या लेखी ८० वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल.

आपल्याकडे काय? आईला विचारून मुलाचा विकास मोजण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेतल्या व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी रुळवली, आणि ती आजही देशभर वापरली जाते. ऑटिझमसाठी २००९ मध्ये ‘आयसा’ ही भारतीय मोजपट्टी आली. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे ऑटिझम. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र याच मोजपट्टीवर मिळतं. २०१४ मध्ये इन्क्लेन या संशोधन-जाळ्याची मुलाखतवजा प्रश्नावली आली. डीएसएम-५ च्या निकषांनुसार दिल्लीच्या एम्सने ती पुढे सुधारली. मूळ प्रश्नावलीचा आधार घेऊन देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, त्यात उत्तर गोवा होतं. हे काम मोठं आहे. पण ‘आयसा’मध्ये एखादं वर्तन २० टक्के वेळा दिसतं की ४० टक्के वेळा यावर गुण ठरतो. आई म्हणते, ‘करतो अधूनमधून.’ या ‘अधूनमधून’चे टक्के करताना तिचा प्रसंग हरवतो.

आणि भाषा. ऑटिझम असलेलं मूल पुष्कळदा ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरतं, कारण ऐकलेलं वाक्य ते जसंच्या तसं परत करतं. इंग्रजीत हे चटकन ऐकू येतं. मराठीत आपण सर्वनाम सर्रास गाळतो. ‘पाणी हवंय’ यात मी-तू काहीच नाही. खूण लपते ती क्रियापदाच्या शेवटात. तहान लागलेला मुलगा आईसमोर उभा राहून ‘दूध पितोस?’ म्हणाला तर तो ‘मला दूध दे’ असं सांगतोय. याउलट आई-आजीच्या सहवासात वाढलेला तीन वर्षांचा मुलगा ‘मी जाते’ म्हणाला तर ती बऱ्याच घरांत ऐकू येणारी बालभाषा आहे, तिला लक्षण मानू नये. ‘सर्वनामांची उलटापालट करतो का?’ असा शब्दशः भाषांतरित प्रश्न या दोहोंतलं काहीच पकडणार नाही. ‘डोळ्यांत पाहून बोलतो का?’ हेही तसंच. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला शिकवणाऱ्या घरात प्रश्न असा हवा : ‘तुम्ही लाडाने खेळवता तेव्हा तो तुमच्या तोंडाकडे बघून हसतो का?’ आणि ‘मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलत नव्हते’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं वाक्य मध्येच तोडू नये. त्यात माहिती असते. बाबांबद्दलही दोन प्रश्न विचारण्याची ती संधी आहे.

याला आक्षेप वेळेचा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दारात रांग उभी असताना दोन तास एका आईशी कोण बोलणार? अडचण खरी आहे, आणि छोटी चाळणी-प्रश्नावली अंगणवाडी पातळीवर हवीच. पण चाळणी ही चाळणीच राहायला हवी. तिच्या बळावर तीन वर्षांच्या मुलाला आयुष्यभराचं नाव देणं किंवा ‘काही नाही, बोलेल आपोआप’ म्हणून परत पाठवणं, दोन्ही वाया जाणाऱ्या वर्षांच्या रूपाने मुलाला भोगावं लागतं. वेळ वाचवायचाच असेल तर तो विभागता येतो. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबद्दल विचारेल, समुपदेशक खेळाबद्दल, आणि डॉक्टर शेवटची वीस मिनिटं जिथे उत्तर अर्धवट राहिलं तिथेच खोदेल. मुलाखत एका बैठकीत संपली पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. उलट मूल बदलतं, म्हणून पाच वर्षांनी पुन्हा विचारावंच लागतं. त्या वेळी समोर दुसरा डॉक्टर असेल, कदाचित दुसरं गाव असेल, आईच्या आठवणीतले महिने सरकलेले असतील, आणि फाइलमध्ये संवादाच्या रकान्यात नुसता ‘४’ असेल. त्या ४ च्या शेजारी पहिल्याच दिवशी कुणी आईच्याच शब्दांत लिहून ठेवलं असेल, ‘साडेतीन वर्षांचा आहे. दूध हवं असलं की माझा हात ओढून फ्रिजपाशी नेतो आणि ‘दूध पितोस?’ म्हणतो. माझ्याकडे बघत नाही, दाराकडे बघतो’, तर नवा डॉक्टर तिथून पुढे विचारायला सुरुवात करू शकतो : आता दूध कसं मागतो?